डोक्यावरची पाटी आणि हातातली पाटी

१

मराठीत ‘पाटी’ हा एकच शब्द दोन वस्तूंना लावला जातो. मुलाने अक्षरे गिरवावयाची ती पाटी, आणि बाजारात माल घेऊन निघालेल्याच्या डोक्यावर असते तीही पाटी. भाषेतला हा निव्वळ योगायोग आहे. पण या दोहोंपैकी कोणती पाटी मुलाच्या वाट्याला यावी, हे मात्र योगायोगाने ठरत नाही. मुंबईतील चौकात गाड्या थांबल्या की गजरे घेऊन काचेशी येणारी मुलगी, लोकल गाडीच्या डब्यातून पिना-कंगवे विकत जाणारा मुलगा, कोलकात्याच्या भाजीबाजारात तराजू सांभाळून बसलेले दहाबारा वर्षांचे पोर, ही दृश्ये नगरजीवनाचा इतका परिचित भाग झाली आहेत की पाहणाऱ्याला ती दिसेनाशी झाली आहेत. २०११ च्या जनगणनेत ५ ते १४ वर्षे वयाची १ कोटीहून अधिक मुले कामकरी म्हणून नोंदली गेली. राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी १० वर्षांची मुदत घातली होती. ते शिक्षण मूलभूत हक्क ठरावयास २००२ साल उजाडले आणि त्या हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला.

या वस्तुस्थितीची चिकित्सा समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र आपापल्या परीने करीत आहेत. साहित्यसमीक्षेपुढील प्रश्न निराळा आहे. रस्त्यावर वस्तू विकणारे मूल साहित्यात पुष्कळदा आले. पण ते आले तेव्हा लेखकाने नेमके काय पाहिले? मूल पाहिले की स्वतःची करुणा पाहिली? त्या मुलाचा धंदा, त्याचे भांडवल, त्याची घासाघीस, दिवसअखेर उरलेल्या मालाची त्याची चिंता, थोडक्यात त्याच्या जगण्याचा हिशेब, लेखकाला दिसला की नाही? हा प्रश्न केवळ तपशिलाच्या अचूकपणाचा नाही. ज्या कलाकृतीत मुलाचा हिशेब नाही, तिच्यात ते मूलही पुरतेपणी नाही, असे म्हणण्याजोगी परिस्थिती या विषयापुरती तरी आहे. करुणेला मुलाचे दुःख पुरते. हिशेबाला त्याची बुद्धीही लागते.

२

या दोन दृष्टींचा भेद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात फार स्पष्टपणे प्रकट झालेला दिसतो. हान्स अँडरसनची आगपेटीच्या काड्या विकणाऱ्या मुलीची कथा १८४५ ची. वर्षाची अखेरची रात्र आहे, बर्फ पडत आहे, मुलगी अनवाणी आहे. दिवसभरात एकही काडी विकली गेलेली नाही आणि रिकाम्या हाताने घरी गेल्यास बाप मारील या भीतीने ती रस्त्यातच बसून राहते. ऊब यावी म्हणून ती एकेक काडी ओढते, प्रत्येक ज्योतीत तिला एकेक सुखाचे दृश्य दिसते, आणि सकाळी ती गोठून मेलेली आढळते. या कथेचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची रचना कशावर उभी आहे हे पाहिले पाहिजे. मुलगी जोवर विक्रेती आहे तोवर कथा तिच्याविषयी फारसे काही सांगत नाही. विकावयाचा माल ती स्वतःसाठी जाळू लागते त्या क्षणी, म्हणजे ती विक्रेती राहत नाही तेव्हा, ती कथेची नायिका होते. तिच्या व्यापाराशी कथेला कर्तव्य नाही. तिच्या मरणाशी आहे.

यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १८५१ मध्ये, हेन्री मेह्यू या पत्रकाराचा लंडनमधील श्रमजीवी आणि गरीब लोकांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पाणथळ जागी उगवणाऱ्या एका पालेभाजीच्या जुड्या विकणारी ८ वर्षांची एक मुलगी आहे. मेह्यूने प्रथम तिच्याशी खेळण्यांविषयी, बागेविषयी, लहान मुलांशी बोलावे तसे बोलून पाहिले आणि तो चकित झाला. त्या भाषेत तिला रस नव्हता. ती बोलू लागली ती भावाविषयी. घाऊक बाजारात आपल्याला कोणी फसवू शकत नाही, घेतलेल्या मालाच्या किती जुड्या बांधावयाच्या, कोणत्या वेळी गिऱ्हाईक मिळते, मिळकतीतले आईला किती द्यावयाचे, हे सारे तिला ठाऊक होते. एका शिलिंगाचे पेन्स किती हे तिला माहीत होते. लिहितावाचता येत नव्हते. आपण आता लहान मूल नाही, असे ती सांगते. तिची हकीकत ऐकून घेणाराच अस्वस्थ होतो, कारण ती दया मागत नाही.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जिच्याकडे करुणेच्या साहित्याने सहसा पाठ फिरवली. ती काही दिवस शाळेत गेली होती. मास्तर मारीत असे म्हणून आईने तिला काढून घेतले. म्हणजे रस्ता आणि शाळा यांच्यामधल्या भिंतीचा पाया केवळ गरिबीचा नव्हता. शाळेच्या बाजूनेही काही विटा रचल्या गेल्या होत्या. अँडरसनच्या कथेत शाळा नाही. ती तेथे असती तर वाचकाला रडून मोकळे होता आले नसते.

३

भारतीय साहित्यात या विषयाचा सर्वांत सूक्ष्म उच्चार बहुधा रवींद्रनाथांच्या ‘डाकघर’ (१९१२) या नाटकात सापडतो. आणि तो अशा ठिकाणी सापडतो की जिकडे सहसा लक्ष जात नाही. आजारी अमलला वैद्याने घराबाहेर पडण्यास बंदी केली आहे. खिडकीशी बसलेला हा मुलगा दहीविक्याला हाक मारतो, त्याची हाळी शिकू पाहतो, आणि मोठेपणी आपणही गावोगाव दही विकत हिंडावे अशी इच्छा बोलून दाखवतो. पोथ्या वाचून पंडित होण्याची त्याला मुळीच हौस नाही. दहीविक्या हेलावतो, त्याला दही फुकट देऊ करतो आणि दही विकण्यातही आनंद असतो हे या मुलाने आपल्याला शिकवले असे म्हणून निघून जातो.

या प्रवेशाची आजवरची गोडी अमलच्या मुक्तीच्या ओढीत आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु खिडकीच्या आतून पाहणाऱ्याला फेरीवाल्याचे जीवन स्वातंत्र्यासारखे दिसते, ही गोष्ट नाटककाराच्या नजरेतून सुटलेली नाही. याचा पुरावा म्हणजे सुधा. ही माळिणीची मुलगी. अमल तिला थांबवू पाहतो, पण तिला वेळ नाही. उशीर झाला तर फुले मिळावयाची नाहीत. अमल तिच्याजवळ एक फूल मागतो. फूल असे कसे देता येईल, त्याचे पैसे पडतात, अशा अर्थाचे उत्तर ती देते. अमल म्हणतो की मोठा झाल्यावर तो पैसे देईल.

साऱ्या नाटकात इतका साधा आणि इतका जड संवाद दुसरा नाही. प्रौढ दहीविक्या दही फुकट देऊ शकतो. सुधा एक फूलही देऊ शकत नाही. दहीविक्या आपल्या मालाचा मालक आहे. तो उदार होऊ शकतो. मुलीच्या टोपलीतले फूल तिचे नाही, ते घराच्या हिशेबातले आहे. औदार्य हाही एक हक्क आहे आणि कमावत्या मुलाला तो हक्क नसतो, हे रवींद्रनाथांनी एका वाक्यात दाखवले. नाटकाच्या अखेरीस सुधा फुले घेऊन येते आणि ती अमलसाठी तशीच ठेवते. तेव्हा त्या फुलांना जे मोल येते ते आधी सांगितलेल्या किमतीमुळे. किंमत ठाऊक असलेल्या मुलीने किंमत न घेता दिलेली ती फुले आहेत. पहिल्या भेटीतला तो रोकडा शब्द वगळला तर शेवटच्या भेटीतील करुण रस निव्वळ गोड होऊन जाईल.

महाराष्ट्रातील वाचकाला सुधाच्या टोपलीवरून आणखी एका फुलांच्या घराण्याची आठवण व्हावी. जोतीराव फुले यांच्या कुळाचे आडनावच फुलांच्या व्यवसायावरून रूढ झाले. जोतीरावांना लहानपणी शाळेतून काढून घेण्यात आले, ते बागकामाला लागले, आणि शेजारी राहणाऱ्या जाणत्या लोकांनी वडिलांचे मन वळवल्यानंतर १८४१ च्या सुमारास त्यांच्या हाती पुन्हा पाटी आली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन सादर करताना त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान १२ वर्षे वयापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. त्याच निवेदनात त्यांनी हेही नमूद केले की गरिबीमुळे लोकांना गुरे राखावयास आणि शेताकडे पाहावयास मुलांची गरज असते, म्हणून सक्तीच्या जोडीला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्यावीत. येथे करुणेचा उमाळा नाही. मुलाच्या श्रमाची घराला पडणारी किंमत मान्य करून ती कोणी भरून द्यावयाची याचा विचार आहे. मराठी गद्यपरंपरेत या विषयाची हिशेबी दृष्टी अशी ललित वाङ्मयाच्या बरीच आधी अवतरली होती.

४

हिंदीतील जयशंकर प्रसाद यांची ‘छोटा जादूगर’ ही कथा १९३६ च्या ‘इंद्रजाल’ या संग्रहातली. तिच्यातला मुलगा वस्तू विकत नाही, खेळ विकतो. परंतु रस्त्यावरच्या छोट्या विक्रेत्याचा स्वभाव त्याच्याइतका नेमका फार थोड्या कथांत उतरला असेल. कलकत्त्याच्या कार्निव्हलमध्ये निवेदकाला तो भेटतो. बाप देशासाठी तुरुंगात आहे, आई आजारी आहे. निवेदक त्याला सरबत पाजतो. तेव्हा मुलगा सांगतो की सरबत पाजण्याऐवजी माझा खेळ पाहून काही दिले असते तर अधिक आनंद झाला असता. पुढे बागेत भेट होते तेव्हा निवेदकाची पत्नी त्याला ‘मुला’ म्हणून हाक मारते, तर तो आपल्याला छोटा जादूगर म्हणावे अशी विनंती करतो. त्या नावावर त्याचे पोट आहे.

मुलगा येथे दया नाकारतो आणि मोबदला मागतो. दया घेणाऱ्याला देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून राहावे लागते. मोबदला मागणारा बरोबरीच्या पातळीवर उभा राहतो. प्रसादांच्या प्रतिभेने हे ओळखले. पण कथेने आपला हा शोध शेवटपर्यंत सांभाळला असे म्हणता येत नाही. तिसऱ्या भेटीत आईचा अंतकाळ येतो, निवेदकाच्या मोटारीतून मुलगा झोपडीत पोहोचतो, आणि आईच्या मृत्यूने कथा संपते. हा शेवट हृदयाला भिडतो यात संशय नाही. पण त्या शेवटाने मुलाचा प्रश्नही संपवून टाकला. आई जगली असती तर उद्याचे पथ्य, परवाचा खेळ आणि कधीच न उघडलेली शाळा हे सर्व शिल्लक राहिले असते. मृत्यू हा या विषयावरील कथांचा फार सोयीचा शेवट आहे. मुल्कराज आनंद यांच्या ‘कुली’ (१९३६) या कादंबरीतला मुन्नू शाळेतून निघून घरगडी, लोणच्याच्या कारखान्यातला मजूर, बाजारातला हमाल, मुंबईच्या गिरणीतला कामगार आणि सिमल्याचा रिक्षावाला असा हिंडत क्षयाने मरतो. तेथे मृत्यू अधिक न्याय्य वाटतो, कारण तत्पूर्वी श्रमाच्या प्रत्येक मुक्कामाचा जमाखर्च कादंबरीने मांडलेला आहे. प्रसादांच्या कथेत मृत्यू हिशेबाच्या जागी आला. आनंदांच्या कादंबरीत तो हिशेबाच्या तळाशी आला. या दोन शेवटांतला फरक एवढा आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकात करुणेची जागा काही काळ स्वावलंबनाच्या आदर्शाने घेतली. १९५४ च्या ‘बूट पॉलिश’ या हिंदी चित्रपटातील भाऊबहीण भीक मागणे सोडून ब्रश हाती घेतात, आणि प्रेक्षकाला धन्य वाटते. भिकेपेक्षा कष्ट बरे हे निर्विवाद आहे. पण मुलापुढे हे दोनच मार्ग आहेत असे गृहीत धरले की तिसऱ्याची, म्हणजे शाळेची, मागणी कथेच्या मध्यभागी उरत नाही; ती शेवटच्या दृश्यातले बक्षीस होते. याच्या उलट १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’ या चित्रपटात सारे कथानक एका रकमेभोवती फिरते. घरी परतण्यासाठी मुलाला ५०० रुपये साठवावयाचे आहेत. कृष्णा हे त्याचे नाव पुसले जाऊन ‘चायपाव’ हे धंद्याचे नाव त्याला चिकटते, आणि घरी पाठवावयाचे पत्रही त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्यावे लागते. प्रसादांच्या मुलाने धंद्याचे नाव अभिमानाने मागून घेतले होते. या मुलाला ते न मागता मिळाले. पाच दशकांत शहर किती बदलले हे या एका फरकात दिसते.

५

आता शाळेकडे वळले पाहिजे. मूल विक्रीला बसले म्हणून शाळेत गेले नाही, हे अर्धे सत्य आहे. शाळेने त्याच्यासाठी काय ठेवले होते, हा त्याचा उरलेला अर्धा भाग. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९२९) या कादंबरीतील अपूची पाठशाळा किराणा दुकानात भरते. गुरुमहाशय मीठ-मिरची विकता विकता मुलांना शिकवतात आणि छडी हाताशी ठेवतात. हे चित्र सामान्यतः विनोदी म्हणून वाचले जाते. पण त्यात एक गंभीर गोष्ट आहे. दुकान आणि शाळा एकाच छपराखाली असूनही दुकानातले गणित शाळेत येत नाही. तागडीत जे चालले आहे त्याकडे मुलांनी पाहावयाचे नाही; पाहावयाचे ते पाटीवर.

हा विरोध केवळ कादंबरीतला नाही, हे आता मोजून दाखवण्यात आले आहे. ब्राझीलमधील रेसीफी शहरात कॅराहर, कॅराहर व श्लीमान या संशोधकांनी रस्त्यावर नारळ व इतर माल विकणाऱ्या ९ ते १५ वर्षांच्या ५ मुलांना त्यांच्या जागी गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारले, आणि पुढे तीच गणिते कागदावर घातली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बाजारात दिलेली ९८ टक्क्यांहून अधिक उत्तरे बरोबर होती. कागदावरच्या नुसत्या आकडेमोडीत हे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर उतरले. १० नारळांची किंमत काढताना एक मुलगा ३ नारळांची ठाऊक असलेली किंमत पुन्हापुन्हा मिळवीत गेला आणि अखेर एका नारळाची किंमत घालून बरोबर उत्तरापर्यंत पोहोचला. शाळेची रीत तेथे नव्हती; विचार मात्र होता.

मुले थोडी म्हणून हा पुरावा दुबळा मानला, तरी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाकडे दुर्लक्ष करता येणार नाही. तो भारतातलाच आहे. कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणारी १,४३६ मुले त्यात पाहिली गेली. जवळजवळ सर्वच मुले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी आणि अचूक करीत होती. पण तेवढीच किंवा त्याहून सोपी गणिते शालेय पद्धतीने मांडताच ती अडखळली. त्याच परिसरातील शाळांत जाणाऱ्या आणि विक्रीचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांची गत उलट होती. कागदावरची सोपी गणिते त्यांना अधिक जमली. परंतु बाजारातला जो हिशेब एक तृतीयांशाहून अधिक कामकरी मुलांनी बरोबर केला, तो त्यांच्यापैकी केवळ १ टक्का मुलांना साधला.

साहित्याच्या अभ्यासकाने या निष्कर्षांकडे का पाहावे? कारण साहित्याने रूढ केलेली दोन चित्रे त्यांनी एकाच वेळी मोडीत काढली आहेत. रस्त्यावरचे मूल म्हणजे अज्ञानाचा मूर्तिमंत अवतार, हे चित्र खोटे ठरते. आणि रस्ता हीच खरी शाळा, हे दुसरे, अधिक आकर्षक चित्रही खोटे ठरते. रस्त्याने जे शिकवले ते रस्त्यावरच राहते. ते मुलाला पुढच्या दारातून आत घेत नाही. भाव, वजन आणि सुटे पैसे क्षणात जुळवणारी बुद्धी कागदापुढे मुकी होते, आणि कागद हाच पुढील साऱ्या मार्गांचा परवाना आहे. मुलाकडे बुद्धी नाही यात त्याचे दुर्दैव नाही. त्याची बुद्धी ज्या नाण्यात आहे ते नाणे त्याच्या बाजाराबाहेर चालत नाही, यात ते आहे. ही शोकांतिका लिहिली जाण्यासाठी मुलाला मरावे लागत नाही. ते उत्तम धंदा करीत मोठे होते, आणि शोकांतिका पूर्ण होते.

६

‘रस्ता हीच शाळा’ या कल्पनेला मराठीत एक थोर आधार आहे, आणि त्याचा विचार टाळून चालणार नाही. गिरणीकामगाराने उचलून वाढवलेल्या नारायण सुर्वे यांनी लहानपणापासून पोटासाठी मिळतील ती कामे केली. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नाव ‘माझे विद्यापीठ’. कष्टकऱ्यांचे जग हेच ज्ञानाचे पीठ, हा त्या नावातला आशय मराठी कवितेला नवा होता आणि तो तिने अभिमानाने स्वीकारला. अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण तर दीड दिवसाचे. त्या दीड दिवसाची कथा महाराष्ट्रात एखाद्या गौरवगाथेप्रमाणे सांगितली जाते.

या गौरवात एक धोका आहे. सुर्वे यांचे विद्यापीठ हे त्यांनी घेतलेले विद्यापीठ होते. ते त्यांना कोणी दिलेले नव्हते. नावातला ‘माझे’ हा शब्द अभिमानाचा आहे, तितकाच आरोपाचाही आहे. दुसरे विद्यापीठ ज्यांचे होते त्यांनी दार उघडले नाही, असा त्याचा ध्वनी आहे. हेच सुर्वे पुढे मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत प्रथम शिपाई आणि नंतर शिक्षक झाले, ही घटना त्यांच्या चरित्रातील तळटीप नव्हे. रस्त्याचा अर्थ पुरता कळलेल्या माणसाने अखेर हातातल्या पाटीचीच बाजू घेतली. त्यांच्या कवितेचा हवाला देऊन शाळेवाचून वाढणाऱ्या मुलाचे कौतुक करणे हा त्या कवितेचा विपर्यास होय.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. रस्त्यावरच्या बालपणाचे जे लेखन उपलब्ध आहे, ते रस्ता सोडून आलेल्यांचे आहे. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनात कैकाडी जमातीचे कुटुंब टोपल्या विणून, त्या विकत गावोगाव फिरते, आणि बापाच्या हट्टाने मुलगा शाळेत जातो. पाट्या विणणाऱ्या घरातल्या मुलाच्या हाती दुसरी पाटी येते आणि त्या पाटीमुळेच पहिलीची कथा वाङ्मयाला मिळते. साहित्य अकादमीने १९८१ मध्ये या ग्रंथाला पुरस्कार दिला. त्या पुरस्काराचे मोल मान्य करूनही एक विषण्ण विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्या मुलांच्या बापांनी हट्ट धरला नाही, किंवा ज्यांना तो धरणे परवडले नाही, त्यांची आत्मकथने कोठे आहेत? ती लिहिली गेली नाहीत. जो रस्त्यावर राहिला त्याने लिहिले नाही, आणि ज्याने लिहिले तो रस्त्यावर राहिला नाही. त्यामुळे या विषयावरील प्रत्येक आत्मकथन, ते कितीही दाहक असले तरी, अंती सुटकेची कथा असते. वाचकाला नकळत असे वाटू लागते की जिद्द असली की सुटका होते. साहित्याने सांगितलेले हे असत्य आहे. कोणी खोटे लिहिल्यामुळे ते निर्माण झाले नाही, बाकीच्यांनी लिहिलेच नाही म्हणून झाले.

७

हे असत्य दूर करणे आत्मकथनाच्या हाती नाही. ते काम कल्पनेच्या वाङ्मयाचे, म्हणजे कथा-कादंबरी-नाटकाचे आहे. कारण जे मूल कधीच लिहिणार नाही त्याच्या मनात शिरण्याची शक्ती कल्पनेलाच आहे. परंतु ती कल्पना सहानुभूतीच्या भांडवलावर चालणार नाही. भवानी झाली नाही तर त्या दिवसाचे काय होते, उरलेल्या गजऱ्यांचा भाव संध्याकाळी किती पडतो, गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून किंमत किती सांगावयाची, कमाईतले स्वतःसाठी काही राखले तर घरी काय ऐकावे लागते, शाळेचा गणवेश घातलेले समवयस्क मूल समोरून गेले तर नजर कोठे ठेवावयाची, या प्रश्नांची उत्तरे ज्या लेखकाला ठाऊक नाहीत त्याची करुणा उसनी आहे. सुधाच्या तोंडचे ते एक वाक्य लिहिण्यासाठी फुलाची किंमत माहीत असावी लागते.

हा आग्रह धरण्यास व्यवहारातही कारण आहे. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामाला लावण्यास कायद्याने मनाई केली. पण शाळेची वेळ सोडून आणि सुट्टीत, धोकादायक नसलेल्या कौटुंबिक उद्योगात मुलाने मदत करण्यास मुभा ठेवली. आईच्या हातगाडीशी उभी असलेली मुलगी या मुभेत बसते की मनाईत, हे घड्याळावर ठरावयाचे आहे, आणि तिच्या दिवसाचे घड्याळ पाहणारे तेथे कोणी नाही. मदत कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, ही सीमा कायद्याच्या भाषेत आखता येते. ती दिसते मात्र दिवसाच्या बारीक तपशिलात, आणि तो तपशील नोंदण्याचे सर्वांत जुने साधन कथा हे आहे.

अँडरसनच्या मुलीसाठी जग पावणेदोनशेहून अधिक वर्षे हळहळत आले आहे. मेह्यूच्या मुलीसाठी कोणी हळहळत नाही; तिने तशी सोय ठेवलेली नाही. ती आपल्या जुड्या मोजून उभी आहे आणि आपण मूल नाही असे सांगते आहे. तिचा हिशेब बरोबर आहे आणि तिचे म्हणणे चूक आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दाखवील अशी भारतीय कादंबरी अजून लिहिली जावयाची आहे. ती लिहिली जाईल तेव्हा तिच्या मध्यभागी मरणारे मूल नसावे, सुटलेले मूलही नसावे. संध्याकाळी पाटी रिकामी झाली म्हणून समाधानाने घरी निघालेले मूल असावे, आणि त्या समाधानाने वाचकाला झोप येऊ नये.